मित्राने गाडी दुरुस्त केली, आता पैसे किती द्यायचे?

तिसरा गिअर
मंडळी, एक पेच आहे. घरात दोन मतं पडलीत, म्हणून इथे टाकतोय.

माझी २०१२ची स्विफ्ट डिझेल, १ लाख ३४ हजार किलोमीटर झालेली. महिनाभर चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी ढिम्म. क्लच प्लेट संपली होती. सर्व्हिस सेंटरने कोटेशन दिलं: क्लच सेट ८,१००, लेबर ४,६००, लेबरवर १८ टक्के कर वेगळा. मी सहज पक्याला फोन केला. पक्या माझा शाळेपासूनचा मित्र. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल केलं, काही वर्षं गॅरेजला होता, आता चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. म्हणाला, "कशाला घालवतोस पैसे? सेट घेऊन ये, रविवारी मोशीला गाडी आण."

सेट बाहेरून ६,९००ला आणला. रविवारी सकाळी आठला पक्या त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरला. दुपारी कळलं की मी आणलेलं रिलीज बेअरिंग भलत्याच मॉडेलचं आहे. चूक माझी. म्हणजे उरलेलं काम पुढच्या रविवारी. त्याही दिवशी संध्याकाळचे सहा वाजले. प्लेट मधोमध बसवायचं टूल नव्हतं, तर पठ्ठ्याने एका पाइपच्या तुकड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून, बोटाने चाचपत, पुन्हा गुंडाळून, नेमक्या जाडीचं टूल तिथल्या तिथे बनवलं. आता क्लच लोण्यासारखा आहे.

मी ३,००० रुपये पुढे केले तर म्हणाला, "वेडा झालास का?" बायको म्हणते वहिनींना साडी घेऊ. मला वाटतं पैसेच द्यावेत. पण किती? सर्व्हिस सेंटरच्या लेबरएवढे? निम्मे? आणि तो घेत नसेल तर?

फोटो टाकतोय. गिअरबॉक्स खाली आहे, पक्याचे फक्त पाय दिसतायत.

वरणभात
पैसे नका देऊ. मैत्रीत पाकीट आलं की मैत्री गेली. जेवायला बोलवा, पोटभर मटण घाला. विषय संपला.

रिकामटेकडा
फुकट ते पौष्टिक. :)

उद्यमनगरी
कोल्हापुरात माझं स्वतःचं गॅरेज आहे, २२ वर्षं झाली. वरणभात, तुमचं मटण आम्हाला कायम मिळतं हो. गॅस्केटचे पैसे मिळत नाहीत.

तिसरा गिअर, आधी एक सांगा. फोटोत गाडीखाली डाव्या बाजूला जे लाल दिसतंय त्या विटा आहेत का?

तिसरा गिअर
हो, विटा आहेत. डिकीतला जॅक होता आणि आधाराला विटा लावल्या. का?

उद्यमनगरी
का म्हणून काय विचारता! डिकीतला जॅक फक्त चाक बदलायला असतो. त्याच्यावर गाडी टेकवून खाली माणूस जात नाही. आणि वीट? वीट आतून तडकलेली असली तर कळतसुद्धा नाही, एका झटक्यात भुगा होतो. गिअरबॉक्स ओढताना, ढकलताना गाडी हलते. पुढची दोन्ही चाकं वर असताना तुमचा मित्र त्याच्याखाली उताणा झोपला होता, दोन रविवार. पैशाचं नंतर बघू. पहिल्यांदा दोन जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी आधार, आणि एक चांगला दोन टनी ट्रॉली जॅक घेऊन त्याच्या दारात नेऊन ठेवा.

माझ्याकडे एक हेल्पर पोरगा होता, त्याचा हात असाच सापडला. दोन बोटं गेली. स्टँड भिंतीला उभे होते, लावायचा कंटाळा.

चकलीवाली
बाप रे. पक्याला निदान कळायला हवं होतं, तो शिकलेला आहे ना?

उद्यमनगरी
कळत असतंय ताई. गॅरेजात कळतं. मित्राच्या कामाला "आहे त्यात भागवू" होतं. त्याच्या कंपनीत असं कोणी केलं तर तोच शिव्या घालेल.

अटकेपार
मी मिशिगनला असतो. इकडे गॅरेजचं लेबर तासाला शंभर-दीडशे डॉलर सहज, त्यामुळे घरच्या ड्राइव्हवेवर ब्रेक पॅड बदलणारे मित्र सोन्यासारखे जपावे लागतात. हिशेबाची एक पद्धत सांगतो. इकडे बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकला "फ्लॅट रेट" मिळतो. प्रत्येक कामाला किती तास धरायचे ते पुस्तकात ठरलेलं असतं. क्लचला समजा सहा तास लिहिलेत, तर मेकॅनिकने चारमध्ये केलं तरी सहाचे पैसे आणि नऊ लावले तरी सहाचेच.

पक्याने दोन रविवार घातले म्हणून दोन दिवसांची मजुरी, असा हिशेब केलात तर नवशिक्या पोराला पक्यापेक्षा जास्त द्यावे लागतील. हाताला वळण असलेला माणूस लवकर उरकतो म्हणून त्याला कमी द्यायचं का?

नाबाद ३८
मुद्दा बरोबर, पण इथे उलटं झालंय. दुसरा रविवार तिसरा गिअर यांच्या बेअरिंगमुळे गेला. त्याचा दंड वेगळा धरा.

तिसरा गिअर
मान्य. दंड भरायला तयार आहे.

कारकून
मी सरळ हिशेब मांडतो. सर्व्हिस सेंटरच्या ४,६००त त्यांचं भाडं, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, सल्लागाराचा पगार सगळं आलं. मेकॅनिकच्या हातात त्यातले फार थोडे पडतात. तो आकडा धरू नका. तुमच्या भागातलं बरं गॅरेज क्लचची काय मजुरी घेतं ते विचारा. आमच्याकडे नाशिकला एवढ्यात एकाने २,५०० घेतले. मित्राला तेवढे पूर्ण द्या. निम्मे वगैरे नाही. बचत तुमची कर वाचला तिथे झाली, सेट बाहेरून आणला तिथे झाली. त्याच्या घामात कशाला शोधताय?

जाता जाता: पूर्वी स्पेअरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तोही १८ झालाय. जुनं कोटेशन असेल तर पुन्हा मागवून बघा.

वरणभात
पण तो घेत नाहीये ना! जबरदस्ती करायची का? माझ्या काकांनी एका मित्राला असंच पाकीट दिलं होतं, त्याने पाच वर्षं तोंड दाखवलं नाही. म्हणाला, "मला मिस्त्री समजलास."

उद्यमनगरी
मिस्त्री समजण्यात अपमान काय आहे?

वरणभात
तसं नाही म्हणायचं मला, साहेब. गैरसमज नको.

उद्यमनगरी
माझा गैरसमज नाही. मिस्त्री म्हटल्यावर त्या काकांच्या मित्राला का लागलं, एवढंच विचारतोय. डॉक्टर मित्राला फी दिली तर तो म्हणतो का, मला डॉक्टर समजलास?

झाडीपट्टी
क्या बात है. हे फ्रेम करून लावा.

ओसरी
विषयाला थोडा फाटा फोडते. माझे आजोबा साताऱ्याकडचे. त्यांच्या गावात सुतार-लोहाराला कामागणिक पैसे देत नसत. वर्षभर नांगर मोडो, कुळव मोडो, पाभर मोडो, सुतार येऊन दुरुस्त करून जायचा आणि सुगीला खळ्यावर येऊन आपलं बलुतं घेऊन जायचा. थोरली, मधली, धाकटी अशी कास ठरलेली, त्याप्रमाणे वाटा. सुतार-लोहार थोरल्या कासेत. शेती त्यांच्यावाचून अडायची ना. दर वेळी "किती झाले?" हा अवघड प्रश्नच नाही. मला वाटतं मित्रांमध्येही असंच असावं. वर्षातून एकदा दिवाळीला घसघशीत काहीतरी. हरेक नटबोल्टचा हिशेब कशाला?

कारकून
ओसरीताई, चित्र गोड आहे, पण बलुतेदाराला "नाही, आज येत नाही" म्हणायची सोय होती का? जात ठरलेली, काम ठरलेलं, वाटा ठरलेला, आणि पीक बुडालं की वाटाही बुडाला. खळ्यावर उन्हात तिष्ठत उभं राहायचं ते वेगळंच. माझे पणजोबा लोहार होते. आमच्या घरात बलुत्याच्या गोड आठवणी नाहीत.

ओसरी
खरं आहे तुमचं. मी खळ्याच्या आतल्या बाजूने बघत होते, हे तुम्ही म्हटल्यावर लक्षात आलं.

चकलीवाली
मला कारकुनांची "नाही म्हणायची सोय" ही गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. माझी बाजू पक्याची आहे. गाड्यांची नाही, ब्लाउजची. मी शिवणकाम करते. मैत्रिणी येतात, "अगं, जरा फिटिंग करून देशील?" पैसे विचारले की मी पण म्हणते, "राहू दे गं." का म्हणते? भिडेखातर. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच. मग ती मैत्रीण खूश होते आणि पुढच्या महिन्यात तिच्या नणंदेचे तीन ब्लाउज घेऊन येते. ज्या बाईकडून मी पैसे घेते तिला मी सांगू शकते, "ताई, गणपतीपर्यंत जमणार नाही." मैत्रिणीला सांगता येत नाही. फुकटाच्या कामाला नकार देणं सगळ्यात अवघड असतं, कारण नकार दिला की वाटतं आपण मैत्रीलाच नाही म्हटलं.

तेव्हा पक्या "वेडा झालास का" म्हणाला, यावर जाऊ नका. मीसुद्धा तसंच म्हणते.

नाबाद ३८
चकलीवाली, तुम्ही ब्लाउजच्या तीनशे रुपयांत या धाग्याचा निकाल लावलात.

चकलीवाली
तीनशे?? अस्तराचा आता साडेपाचशे घेते. :D

रिकामटेकडा
मैत्रिणींना तीनशे.

चकलीवाली
मैत्रिणींना "राहू दे गं"!

किनारपट्टी
गोव्याहून. दुसरी बाजू सांगतो, कारण सगळे पैसे द्या पैसे द्या म्हणतायत. मी एका मित्राकडून ब्रेकचं काम करून घेतलं, पूर्ण मजुरी दिली, त्याने घेतली. पंधरा दिवसांनी ब्रेक दाबला की कर्रर्र. आता मी गिऱ्हाईक की मित्र? पैसे दिले नसते तर गप्प बसलो असतो आणि दुसरीकडे दाखवलं असतं. पैसे दिले होते म्हणून फोन केला. तो चिडला. म्हणाला, "गॅरेजवाल्याला असं बोलला असतास का?" मी म्हटलं हो. शेवटी निघालं काय, मागच्या ड्रमात धूळ साचली होती. त्याची चूक नव्हतीच. पण त्या फोननंतर आमच्यात पूर्वीसारखं राहिलं नाही. पैसे दिले की तक्रारीचा हक्कही आपोआप येतो, आणि तो हक्क मित्रावर बजावणं फार वाईट.

उद्यमनगरी
किनारपट्टी, तुमचं खरं आहे. पण फुकट केलेल्या कामाचीही तक्रार येतेच हो, फक्त पाठीमागे येते. "त्याच्याकडून करून घेतलं, तेव्हापासून आवाज येतोय." आमच्या धंद्यात हे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. तेल बदललं की पुढच्या सहा महिन्यांत जे काय बिघडेल ते तेल बदलणाऱ्याच्या नावावर.

अटकेपार
यावर उपाय म्हणजे काम सुरू करण्याआधीच बोलून घेणं. मी इकडच्या मित्राला आधीच विचारतो, "किती घेशील?" तो म्हणतो पन्नास. मी साठ देतो. काम झाल्यावर विचारलं तर प्रत्येक जण लाजतो.

झाडीपट्टी
चंद्रपुरात असं आधी विचारलं तर तो म्हणेल, "काहून बे, परका झाला का मी?" अमेरिकेतली पद्धत अमेरिकेतच ठेवा.

कारकून
मग "पैसे किती घेशील" असं विचारायचंच नाही. "बाहेर २,५०० मजुरी आहे, तू करतोस का, की बाहेर देऊ?" असं विचारायचं. आकडा आपण सांगायचा, त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. लाजायचं काम आपण करावं, त्याच्यावर टाकू नये.

ओसरी
हे आवडलं. माझ्या भाच्याला सांगते, तो सगळ्यांचे लॅपटॉप फुकट फॉरमॅट करत बसतो.

वरणभात
भाच्याचा नंबर मिळेल का? ;)

रिकामटेकडा
हे बघा, वरणभात सुधारणार नाहीत.

तिसरा गिअर
सगळ्यांचे आभार. विटांवरून फार झोंबलं, पण बरोबर होतं. मीच त्या विटा सोसायटीच्या मागून उचलून आणल्या होत्या, "याने चालेल ना रे?" विचारत. त्याने एकदा बघितल्या होत्या आणि काही बोलला नव्हता.

एक कबुली. चकलीवालींचं वाचून मागचं आठवत बसलो. क्लचच्या आधी बॅटरी, त्याआधी लोणावळ्याला गाडी तापली तेव्हा थर्मोस्टॅट, त्याआधी माझ्या मेहुण्याच्या वॅगनआरचा सेल्फ. पाच वर्षांत सहा कामं. प्रत्येक वेळी जेवण झालं, हसलो, संपलं. त्याने माझ्याकडे एकदाच काम सांगितलं, मुलीच्या अकरावी प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरून दे म्हणून. मी तो भरला आणि बायकोला सांगताना म्हणालो होतो, "पक्याचं काम करून दिलं." वीस मिनिटांचं काम.

आता पुढची अडचण अशी की पुढच्या महिन्यात लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनमधले रबरी भाग) बदलायचे आहेत. खड्ड्यात खटखट येते. आणि मी परवाच त्याला फोनवर म्हणून बसलोय, "पुढचं पण तुलाच करायचंय हां."

नाबाद ३८
सहा कामं! धाग्याचं शीर्षक बदला.

उद्यमनगरी
सहांचे आता देऊ नका, तो घेणार नाही आणि दोघांनाही ओशाळल्यासारखं होईल. जॅक-स्टँड द्या. ते घेईल. हत्यार कारागीर नाकारत नाही. माझ्याकडे एका गिऱ्हाईकाने दिलेला टॉर्क रेंच आहे, त्याने दिलेले पैसे केव्हाच संपले, रेंच रोज हातात असतो. आणि बुशचं कारकून म्हणतायत तसं विचारा. मोकळेपणाने, "बाहेर देऊ का?"

किनारपट्टी
आणि त्याने "दे बाहेर" म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

---

तिसरा गिअर (तीन आठवड्यांनी)
कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

शनिवारी रात्री जॅक आणि स्टँड घेऊन गेलो. पक्याने स्टँड उघडून खिळ बघितली, वेल्डिंगवरून अंगठा फिरवला, म्हणाला, "बरं आणलंस. त्या विटांवर मला भीती वाटत होती." मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "तू एवढ्या हौसेने उचलून आणल्या होत्यास."

मग मी ठरवलेलं वाक्य म्हटलं. बाहेर बुशची मजुरी अमुक सांगितलीय, तू करतोस का की बाहेर देऊ? गडी दोन मिनिटं गप्प. मला वाटलं झाली चूक. मग म्हणाला, "बाहेर दे यार. रविवारी धाकटीला पोहायच्या क्लासला न्यायचं असतं, दोन वेळा बुडाला." ते दोन वेळा म्हणजे आमचा क्लच. त्याच्या धाकटीचा पोहायचा क्लास असतो हेच मला माहीत नव्हतं.

गाडी भोसरीच्या एका गॅरेजला दिली. लिंक रॉडसकट ३,२०० झाले. पैसे देण्याआधी पक्याला बिलाचा फोटो पाठवला तर लगेच फोन: "जुने बुश काढून हातात माग. नाहीतर ग्रीस मारून तेच परत बसवतील." मागितले. मेकॅनिकने माझ्याकडे असं बघितलं, की मीच गाडीखाली जाऊन आलोय.

रिकामटेकडा
या फोनवरच्या सल्ल्याचे किती द्यायचे?

उद्यमनगरी
जुने बुश मागणारे गिऱ्हाईक आम्हाला आवडत नाहीत, हे नोंदवून ठेवतो. पण पक्याला कोल्हापूरचा नमस्कार सांगा.